अंगावरून कमी जातंय? गोळी घ्यायच्या आधी काय काय बघायचं, क्रमाने

पाळी आली, पहिल्या दिवशी थोडं गेलं, दुसऱ्या दिवशी नुसते डाग आणि तिसऱ्या दिवशी काहीच नाही, की घरात चर्चा सुरू होते. आई म्हणते तुझ्या अंगात रक्तच नाही, शेजारच्या काकू सांगतात घाण आत साठते म्हणून तर पोट सुटलंय, कोणी ओव्याचा काढा सांगतं कोणी पपई, आणि मेडिकलमध्ये विचारलं तर तो सरळ पाळी मोकळी व्हायची गोळी काढून देतो. मैत्रिणींनो, यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि शेवटचं तर कधीकधी धोक्याचं आहे, म्हणून सगळं एका जागी क्रमाने लिहितेय. क्रम मोडू नका, कारण पहिली पायरी गाळून औषध घेतलं तर जिवावर बेतू शकतं असं एक कारण यात आहे, ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या, नॉर्मल म्हणजे किती

दर महिन्याला गर्भपिशवीच्या आत एक अस्तर तयार होतं. इस्ट्रोजेनने ते वाढतं, बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉनने ते भरदार होतं, आणि गर्भ राहिला नाही की हे दोन्ही हार्मोन खाली येतात आणि अस्तर सुटून बाहेर पडतं, तीच पाळी. म्हणजे जे जातं ते त्या महिन्यात तयार झालेलं अस्तर आणि त्यासोबतचं रक्त. अस्तर पातळ असेल तर जाणारच कमी. आत कुठे टाकी नाही जिथे मागच्या सहा महिन्यांचं रक्त साठून राहील, आणि त्याने वजन वाढत नाही की तोंडावर वांगही येत नाहीत. पिशवीचं तोंड बंद झाल्यामुळे रक्त खरंच आत अडकतं असा एक प्रकार आहे, पण तो कमी दिसतो आणि त्यात दर महिन्याला पोटात जोरात दुखतं, त्याबद्दल पुढे सांगते.

आता आकडे. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ छोटे चमचे, बस. ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त. दोन पाळ्यांमधलं अंतर २४ ते ३८ दिवस चालतं आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत असू शकतो. कमीची हद्द इतकी पक्की नाही, पण साधारण दोन दिवसांत किंवा त्याआधीच संपणं, किंवा इतकं कमी की पॅडची गरजच पडत नाही, याला डॉक्टर कमी म्हणतात. त्यामुळे तुमची पाळी दोन-अडीच दिवसांची असेल, वयात आल्यापासून अशीच असेल, वेळेवर येत असेल आणि बाकी काही त्रास नसेल तर ती तुमची नॉर्मल पाळी आहे, बहिणीला पाच दिवस जातं म्हणून तुम्हालाही जायला पाहिजे असं काही नाही. बघायचं ते बदलाकडे. आधी चार दिवस जायचं आणि आता तीनेक महिने एकच दिवस जातंय, तर कारण शोधायचं.

आणि ते "रक्त कमी म्हणून पाळी कमी" हे पण एकदा सोडून द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, आणि त्यातल्या कितीतरी जणींना पाळी भरपूर जाते, किंबहुना पाळी जास्त जाते म्हणूनच रक्त कमी होतं. हिमोग्लोबिन जरूर तपासा, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या, पण पाळी वाढेल या आशेने नको.

पायरी १: प्रेग्नन्सी टेस्ट

लग्न झालंय, नाही झालंय, ऑपरेशन झालंय, काळजी घेतली होती, यातलं काहीही असो, संबंध आले असतील आणि या वेळची पाळी नेहमीपेक्षा वेगळी असेल तर पहिलं काम टेस्टचं. गर्भ रुजताना किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत थोडे डाग पडतात आणि बऱ्याच जणी त्यालाच पाळी समजतात. किट मेडिकलमध्ये मिळतं, आणि आशाताईंकडे निश्चय किट फुकट असतं. सकाळची पहिली लघवी वापरा, पाकिटावर लिहिलंय तेवढेच थेंब टाका आणि सांगितलेल्या वेळातच वाचा, तासाभराने दिसणारी पुसट रेघ धरू नका. निगेटिव्ह आली आणि शंका राहिली तर आठवड्याने परत करा.

आता ते जिवावर बेतणारं कारण. गर्भ पिशवीत न राहता गर्भनळीत राहिला तरी असंच थोडं थोडं, बहुतेक वेळा काळपट जात राहतं. टेस्ट पॉझिटिव्ह, पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, घाम सुटलाय, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल तिने हॉस्पिटल गाठा. नळी फुटली की आतल्या आत रक्तस्राव होतो, बाहेर मात्र नुसते डाग दिसत असतात. मेडिकलमधून पाळी यायची किंवा गर्भ पाडायची गोळी आणून घेतली तर नळीतल्या गर्भावर तिचा उपयोग होत नाही, वर अंगावरून गेलं की मोकळं झालं असं वाटून उशीर होतो.

पायरी २: लिहून ठेवा

डॉक्टर विचारतात किती दिवसांपासून, तर आपण म्हणतो बरेच दिवस झाले. असं नको. घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच, त्यावर टिंब करा किंवा मोबाईलमध्ये नोट करा, पण नुसती तारीख पुरत नाही. असं लिहा: "१४ तारीख, दुपारी सुरू, लाल, पॅड अर्धं, पोटात थोडं. १५, तपकिरी, लायनर पुरलं. १६, पुसल्यावर दिसलं तेवढंच." अशा तीन पाळ्या लिहिल्या की डॉक्टरला अर्धं निदान तिथेच दिसतं. पॅडऐवजी पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरत असाल तर फारच सोपं, बऱ्याच कपांवर मिलीच्या खुणा असतात, ओतायच्या आधी बघून लिहायचं. पॅडच्या संख्येवरून अंदाज चुकतो कारण कोणी दर तीन तासांनी बदलतं तर कोणी सकाळ-संध्याकाळ, म्हणून पॅड किती भरलं ते लिहा.

मधल्या दिवसांचंही लिहा. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव दिसतो का, पाळीआधी छाती जड होते का. हे होत असेल तर बीज बहुतेक तयार होतंय, आणि मग कमी जाणारी पाळी बऱ्याचदा निरुपद्रवी निघते.

पायरी ३: औषधांचा डबा काढा

ही पायरी सगळ्यात जास्त जणींचं कोडं सोडवते, म्हणून जरा सविस्तर.

गर्भनिरोधक गोळ्या, मग त्या माला-एन असोत की पीसीओएससाठी (हार्मोनचा एक बिघाड, पाचव्या पायरीत येईल) डॉक्टरने दिलेल्या, अस्तर पातळ ठेवतात, त्यामुळे त्या चालू असताना पाळी कमी आणि छोटी येणं हा त्यांचा अपेक्षित परिणाम आहे. त्यात काही बिघडलेलं नाही आणि गोळी बंद केल्यावर पुढे मूल व्हायला त्याने अडचण येत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारी छाया ही हार्मोन नसलेली गोळी, तिनेही काही जणींची पाळी लांबते आणि कमी जाते. अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, त्यात आधी अधूनमधून डाग पडतात आणि पुढे कित्येकींची पाळी थांबते, शेवटच्या इंजेक्शननंतर सुरळीत व्हायला सहा महिने ते वर्षही लागतं. हे इंजेक्शन देताना सांगायला हवं, पण गर्दीत राहून जातं आणि मग बायका घाबरून मध्येच सोडतात आणि नको असताना दिवस जातात. तांबीचं मात्र उलट, साध्या कॉपर-टीने रक्त जास्त जातं, आणि हार्मोनवाली तांबी असते तिने खूपच कमी होतं. तुम्हाला कोणती बसवलीय ते कार्डवर बघून घ्या.

आय-पिलसारखी इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर त्या महिन्याची पाळी आठवडाभर मागेपुढे, कमी किंवा जास्त, काहीही होऊ शकते. गोळीनंतर तीन आठवड्यांत पाळी आली नाही किंवा नुसतेच डाग पडले तर टेस्ट करा. गणपती, लग्न, वारी यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यानंतरची एखादी पाळीही वेगळी असते, ते धरून चाला. पण या गोळ्या दर सणाला, न विचारता, मैत्रिणीच्या पाकिटातून घेणं बंद करा. मायग्रेन, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, लिव्हरचा त्रास, अशा बायकांना त्या घातक ठरू शकतात.

आणखी एक गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही. अॅसिडिटीच्या ज्या गोळीच्या नावाशेवटी डी किंवा एल असतं तिच्यात सहसा डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ही औषधं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढवतात, प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते, कमी होते, कधी छातीतून दुधासारखं येतं. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही हे होतं, पण त्या स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका, ज्यांनी दिल्यात त्यांनाच सांगा, बहुतेक वेळा बदलून मिळतात.

पायरी ४: वय बघा

नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींना पहिली दोन-तीन वर्षं कमी, जास्त, उशिरा, सगळं चालतं, ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. तिला काढे पाजू नका. पण १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळीच आली नसेल, किंवा पाळी येत नाही पण दर महिन्याला पोट दुखतं असं असेल तर दाखवा, योनीमार्गाचा पडदा पूर्ण बंद असल्यामुळे रक्त अडकलेलं असू शकतं.

बाळाला अंगावर पाजताय तोपर्यंत पाळी न येणं, थोडीच येणं हेही नेहमीचंच, फक्त त्या काळात दिवस जाऊ शकतात हे विसरू नका.

चाळिशीनंतर बदल होतोच. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं पाळी कधी कमी कधी धो-धो अशी येते. गरम वाफा, रात्री घाम, झोप उडणं सोबत असेल तर चित्र स्पष्टच आहे. पण हेच चाळिशीच्या आत होत असेल तर "लवकर सुटका झाली" म्हणून सोडून देऊ नका, अंडाशय लवकर थकत असतील तर हाडं आणि हृदय दोन्हीसाठी उपचार लागतात. आणि पाळी बंद होऊन पूर्ण वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी तपासणी करायचीच, तिथे कमी-जास्तचा प्रश्न नाही.

पायरी ५: बाकी शरीर काय सांगतंय

थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं, वजन वाढणं, किंवा उलट धडधड आणि वजन घटणं, असं असेल तर थायरॉइड. हनुवटीवर जाड केस, मुरुमं, मानेवर काळपट मखमली पट्टा आणि दीड-दोन महिन्यांनी येणारी पाळी, तर पीसीओएस. इथे पाळी कमी जाण्यापेक्षा अंतर महत्त्वाचं. बीज तयार होत नसेल तर अस्तर वाढतच राहू शकतं आणि वर्षानुवर्षं सुटलं नाही तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर डॉक्टर औषध देऊन आणतात, ते ऐका.

आणि खाणं. लग्नाआधी वजन उतरवायला एकदा जेवणाऱ्या मुली, जिम आणि जोडीला उपास, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावून दिवसभर चहा-बिस्किटावर राहणाऱ्या पोरी, यांची पाळी आधी कमी होते मग थांबते. शरीराला जितकं लागतं तितकं मिळत नाही म्हटल्यावर मेंदू अंडाशयाला सिग्नल द्यायचंच कमी करतो. धावपटू मुलींना कधीकधी कोचच सांगतात की पाळी गेली म्हणजे फिटनेस आला. साफ चूक. इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात आणि विसाव्या वर्षी पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. पोटभर भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, हेच इथलं औषध, आणि गरज पडली तर काही महिने सराव कमी. परीक्षा, नोकरीचं टेन्शन, रात्रपाळी, घरातलं दुःख यानेही एखाद-दोन पाळ्या बिघडतात आणि आपोआप रुळावर येतात.

पायरी ६: मागचा इतिहास, हा लपवू नका

पिशवी साफ केली होती का? गर्भपातानंतर, अर्धवट पडलेल्या गर्भासाठी किंवा बाळंतपणात वार अडकल्यामुळे क्युरेटिंग झालं असेल आणि त्यानंतर पाळी कमी झाली असेल तर पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता असते, याला अॅशरमन सिंड्रोम म्हणतात. वेळेवर पाळीसारखं पोट दुखतं पण जात काहीच नाही, हे लक्षण सांगितलंच पाहिजे. पिशवीच्या तोंडावर काही प्रक्रिया झाली असेल तर तोंड आक्रसूनही असंच होतं. दुर्बिणीने बघून चिकटलेला भाग मोकळा करता येतो. बऱ्याच जणी सासरच्यांसमोर आधीच्या गर्भपाताबद्दल बोलत नाहीत, ते मी समजू शकते, पण डॉक्टरला एकटीने भेटून सांगा. ही माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

दुसरं, टीबी. आपल्याकडे याचा विचार व्हायलाच हवा. टीबी पिशवीला आणि नळ्यांनाही होतो, खोकला नसतानाही. पाळी हळूहळू कमी होत जाणं, मूल न राहणं, ओटीपोटात बारीक दुखणं, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, घरात कोणाला टीबी होऊन गेलेला. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो नाही असं म्हणता येत नाही, अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. फार उशीर झाला तर जंतू मरतात पण अस्तर परत येत नाही, म्हणून मूल हवं असणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये.

तिसरं, बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, त्यानंतर दूध आलंच नाही, सतत थकवा, बीपी लो आणि पाळी गेली किंवा नावापुरती उरली. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला रक्त न मिळाल्याने असं होतं, आणि "बाळंतपणानंतरची अशक्तता" म्हणून वर्षानुवर्षं टॉनिकवर काढलेल्या बायका असतात. हार्मोनच्या गोळ्यांनी यात खूप फरक पडतो.

पायरी ७: डॉक्टरकडे

कधी जायचं? बदल तीन पाळ्या टिकला, किंवा पाळी तीन महिने आलीच नाही, किंवा वरच्या सहाव्या पायरीतलं काही लागू पडलं, किंवा वर्षभर प्रयत्न करून दिवस जात नाहीयेत (३५ च्या पुढे सहा महिनेच थांबायचं). गावात असाल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा, बऱ्याच रक्ततपासण्या तिथे फुकट होतात, आणि शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी काही सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं.

पहिल्या फेरीत सहसा प्रेग्नन्सी टेस्ट, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी एवढं पुरतं. पाळी लांबत असेल तर एफएसएच (अंडाशय थकलेत का ते सांगणारी तपासणी), तेही पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. जाहिरातीतलं मोठं "फीमेल हार्मोन पॅकेज" स्वतःहून करून पैसे घालवू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये सांगा आणि दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. प्रोलॅक्टिन उठल्या उठल्या, धावतपळत जाऊन देऊ नका, उठून दोनेक तास झाल्यावर शांत बसून द्या, टेन्शननेही ते वाढतं. सोनोग्राफी करताना पाळीचा कितवा दिवस आहे ते सांगा, कारण पाळी संपल्यावरचं पातळ अस्तर नॉर्मल असतं आणि तेच विसाव्या दिवशी असेल तर विचार करावा लागतो. संबंध आले नसतील तर पोटावरून, लघवी भरून धरून सोनोग्राफी होते, आतून करायची गरज नाही, तसं स्पष्ट सांगा.

रिपोर्टवर "पीसीओडी" (पीसीओएसचंच रूढ नाव) लिहून आलं म्हणून लगेच रडू नका. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे, तरुण मुलींच्या अंडाशयात असे बारीक फुगे दिसतातच.

आणि कोणी कमी जातंय म्हणून पिशवी काढायचा सल्ला दिला तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा कळलं की कसल्या कसल्या साध्या तक्रारींवर ऑपरेशनं झाली होती. नुसती पाळी कमी जाते हे पिशवी काढायचं कारण होऊच शकत नाही.

उपचार सुरू झाल्यावर

रिपोर्ट नॉर्मल, बीज तयार होतंय, पाळी वेळेवर, तर काही उपचार लागत नाहीत, आणि कमी जातं म्हणून मूल होणार नाही असंही नाही. थायरॉइडची गोळी लागली तर उठल्यावर रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, चहा आणि लोह-कॅल्शियम नंतर, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत. प्रोलॅक्टिन कमी करायची गोळी असेल तर रात्री काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर मळमळतं. वजन खूप उतरल्यामुळे पाळी बिघडली असेल तर खाणं सुधारल्यावरही परत यायला काही महिने जातात, तेवढा धीर घरच्यांनीही धरावा आणि मुलीला रोज "आली का" विचारू नये. गूळ, तीळ, ओवा आवडत असेल तर खुशाल खा, लोह-कॅल्शियम थोडंफार मिळेल, फक्त त्यावर विसंबून तपासणी पुढे ढकलू नका. आणि पाळीची नोंद उपचार चालू असतानाही लिहीत राहा, पुढच्या भेटीत औषधाचा डोस ठरवताना तीही बघतात.